भाजीच्या रतीबाचं अ‍ॅप: पाडव्याला सगळ्यांना एकदम उघडू की टप्प्याटप्प्याने?

टोपलीवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी कर्वेनगरात राहते. २०२० च्या टाळेबंदीत चुलतदिरांच्या शेतातली भाजी आमच्या सोसायटीत वाटायला लागले. शेत सासवडच्या पलीकडे. तेव्हा १४ घरं होती. आज २१२ आहेत. कर्वेनगर, कोथरूड, वारजे मिळून ११ सोसायट्या. प्रत्येक घराला आठवड्याला एक टोपली. बुधवारी १०४, शनिवारी १०८. टोपली साधारण ६ किलोची, आठ भाज्या, त्यात दोन पालेभाज्या, ४५० रुपये. दिरांकडचं पुरत नाही ते आसपासच्या सहा शेतकऱ्यांकडून येतं.

सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. बुधवारची टोपली असेल तर सोमवारी रात्री आठपर्यंत सांगायचं. लोक काय वाट्टेल ते लिहितात. "या वेळी नको." "दोडका सोडून काहीही." "आमची वॉचमनकडे नको, मागच्या वेळी त्याने कोथिंबीर उन्हात ठेवली." हे सगळं मी एक्सेलमध्ये उतरवते. पैसे महिनाअखेर यूपीआयने येतात, म्हणजे मी आठवण केली की येतात. तीन घरं अशी आहेत की त्यांना चार वेळा आठवण करावी लागते, आणि तिन्ही घरांत माझं जाणं-येणं आहे, म्हणून बोलताही येत नाही.

भाचा आणि त्याचा मित्र यांनी आठ महिने खपून अ‍ॅप केलंय. आतापर्यंत २ लाख ४० हजार गेले. आता ठरलंय असं: पाडव्याच्या मुहूर्तावर उघडायचं, पुण्यातल्या कुणालाही घेता येईल, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही, पैसे ऑटोपेने आपोआप कापले जाणार, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट त्याच दिवशी बंद. भाचा म्हणतो, "मावशी, काळजी नको, आधी १० टक्के लोकांना देऊ, मग ५०, मग १००. स्टोअरवरच तशी सोय असते."

माझ्या पोटात गोळा आलाय, त्याचं कारण मागची दिवाळी. तेव्हा हौसेने गूगल फॉर्म काढला होता. शनिवारच्या १०८ घरांपैकी ३१ जणांनी फॉर्मही भरला आणि जुन्या सवयीने गटावरही लिहिलं. मी दोन्ही मोजले. १३९ टोपल्यांचा माल मागवला, टेम्पोवाला दिवे घाटात कुरकुरत उतरला. पहाटे सव्वापाचला पार्किंगमध्ये आम्ही चौघी बसलो, मेथीच्या जुड्या पाण्याच्या बादलीत उभ्या, एकेक क्रेट भरून खडूने विंग लिहीत होतो, आणि साडेनऊला सगळं वाटून झाल्यावर ३१ टोपल्या तशाच समोर. कामवाल्या ताई, वॉचमन, इस्त्रीवाला, सगळ्यांना दिल्या. आठवडाभर आमच्या घरी मेथीशिवाय दुसरं काही शिजलं नाही. शेतकऱ्यांना पूर्ण पैसे दिलेच, त्यांची काय चूक?

तर विचारायचंय ते एवढंच. टप्पे पाडायचे तर कशाचे? ऑटोपे पहिल्या दिवसापासून ठेवू का? आणि गट कधी बंद करू?

सर्व्हरखालचा_उंदीर

टोपलीताई, अ‍ॅप करण्याच्या धंद्यात बारा वर्षं आहे, त्यातली निम्मी चुका निस्तरण्यात गेली. भाच्याला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, स्टोअरची टक्केवारी तुमच्या कामाची नाही.

गूगल प्लेवर टक्क्यांनी देता येतो तो अपडेट. पहिल्यांदा येणारं अ‍ॅप टक्क्यांत येत नाही, आलं की आलं. अ‍ॅपलचंही तेच. तिथे सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के अशी चढण असते, पण तीही अपडेटची, आणि ज्यांच्या फोनवर अपडेट आपोआप होतात त्यांच्यापुरती. ज्याने स्टोअरमध्ये जाऊन स्वतः बटण दाबलं त्याला पहिल्याच दिवशी मिळतं.

समजा, टक्केवारी मिळाली असती. २१२ चे १० टक्के म्हणजे २१ घरं, आणि ती कुठली हे स्टोअर ठरवणार. ११ सोसायट्यांत विखुरलेली. प्रत्येक गेटवर दोन टोपल्या अ‍ॅपच्या, बाकीच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या. दिवाळीचा गोंधळ तुम्ही स्वतःच्या हाताने अकरा ठिकाणी मांडाल.

म्हणून टप्पा टेम्पोच्या थांब्याचा करा. अ‍ॅप स्टोअरवर सगळ्यांना दिसू दे, पण आत शिरल्यावर सोसायटी निवडायची, आणि कुठली सोसायटी चालू हे तुमच्या सर्व्हरवरच्या यादीत. यादीत नसलेल्याला "तुमच्याकडे अजून सुरू नाही, नाव नोंदवून ठेवा" एवढंच. पिनकोडवर नका जाऊ. ४११०३८ म्हणजे अख्खं कोथरूड, तेवढ्यात तुमचा टेम्पो हरवेल.

जी सोसायटी अ‍ॅपवर गेली तिची ऑर्डर गटावर घ्यायची नाही, पहिल्या दिवसापासून. कुणी लिहिलंच तर "अ‍ॅपमध्ये टाका, जमत नसेल तर फोन करा, मी टाकते." टाकायचं तुम्ही, पण अ‍ॅपमध्येच. दिवाळीला फॉर्म वाईट नव्हता हो, दोन दारं उघडी होती. उरलेल्या सोसायट्यांचा गट मात्र चालू ठेवा. आणि पहिली चार वाटपं तुमचं एक्सेलही भरा. क्रेटमधला आकडा आणि अ‍ॅपमधला आकडा लागोपाठ चार वेळा एक आला की पुढची सोसायटी. तीनदा आला आणि चौथ्यांदा चुकला, तर मोजणी पुन्हा एकपासून.

खातं कुणाच्या नावाने आहे तेही बघा. गूगल प्लेचं खातं वैयक्तिक असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल, तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत, म्हणजे फक्त बोलावलेल्यांच्या चाचणीत, राहावं लागतं. त्यानंतर परवानगीचा अर्ज. म्हणजे पाडवा दोन आठवड्यांवर असेल आणि हे अजून झालं नसेल, तर मुहूर्त गेला. ते १२ जण भाच्याच्या कॉलेजातले घेऊ नका. "दोडका सोडून काहीही" लिहिणारे घ्या. आयफोनवाल्यांच्या चाचणीसाठी अ‍ॅपलचं टेस्टफ्लाइट आहे.

आणखी एक. स्टोअरवर वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्या फोनवर गेलं त्यांच्याकडून परत येत नाही. एका कंपनीत आमच्या हातून एक बिघडलेली आवृत्ती गेली, दोन तासांत थांबवली, आणि चार महिन्यांनंतरही काही फोन तीच घेऊन फिरत होते. म्हणून तीन खटके सर्व्हरवर हवेत: ही सोसायटी बंद, नवी नोंदणी बंद, पैसे कापणं बंद. ते तुम्हाला स्वतःला दाबता आले पाहिजेत. पहाटे सव्वापाचला भाचा उठणार नाही.

टोपलीवाली

खातं भाच्याच्या नावाने आहे आणि डिसेंबरात काढलंय. बारा माणसांचं त्याला माहीतच नव्हतं. आत्ता विचारलं तर "हो मावशी, बघतो" म्हणाला आणि खोलीत गेला.

ऑटोपेचं सांगा ना. खरं तर अ‍ॅप काढलं ते त्या तीन घरांसाठी.

सर्व्हरखालचा_उंदीर

आधी चांगली बातमी. भाजी ही खरीखुरी वस्तू आहे, त्यामुळे पैसे गूगल-अ‍ॅपलच्या मार्फत घ्यावे लागत नाहीत. त्यांचं कमिशन नाही, साधा पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, चालते.

आता ऑटोपे. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला रकमेसकट सूचना जावी लागते. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून गर्दीच्या वेळेत, म्हणजे सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ, ऑटोपेचे पैसे कापले जात नाहीत. हे तुमच्या बुधवारला लावून बघा. सोमवारी रात्री आठला ऑर्डर बंद, साडेआठला सूचना, मंगळवारी रात्री साडेआठला २४ तास पूर्ण, पण ती गर्दीची वेळ, म्हणून साडेनऊनंतर पैसे. तोवर सासवडला भाजी तोडून क्रेटमध्ये भरलेली असते ना? मग दर आठवड्याला पैसे कापून मिळवलं काय?

त्यापेक्षा महिन्याचं महिन्याला, झालेल्या टोपल्यांचे. चार टोपल्या १,८००, पाच आठवडे आले तर २,२५०. ग्राहकाकडून ऑटोपेची परवानगी घेताना कमाल रक्कम ३,००० ठेवा, प्रत्यक्षात झाली तेवढीच कापा. १५,००० पर्यंत दर वेळी पिन लागत नाही, तुम्ही त्याच्या कितीतरी आत आहात. पण हे सगळं पुढच्या टप्प्यात. आधी दोन महिने अ‍ॅपने फक्त मोजायचं, पैसे जुन्याच पद्धतीने. मोजणी चुकली तर मेथी जास्त येते. चुकीच्या मोजणीवर पैसे आपोआप कापले गेले तर घरं जातात.

म्हशीवाला_मुळशी

मी दूध घालतो. वडील सायकलवर घालायचे, मी गाडीवर घालतो. अ‍ॅप वगैरे माझ्याकडे नाही, एका मोठ्या अ‍ॅपला दोन वर्षं दूध देत होतो, तेवढाच संबंध.

वरच्या भाऊंनी सगळं बरोबर सांगितलंय, पण एक शब्द कुणीच काढला नाही. खाडा. ताई, तुम्ही स्वतःच वर रतीब लिहिलंय. रतीब म्हटला की खाडा आलाच. आमच्या गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं, ज्या दिवशी दूध नाही त्या चौकटीत फुली. महिनाअखेर वहिनी फुल्या मोजतात, मी माझ्या वहीतले खाडे मोजतो, दोन्ही जुळले की पैसे. जुळले नाहीत तर वहिनींचं खरं धरायचं. एका लिटरसाठी घर घालवायचं नाही, हे वडिलांचं.

त्या मोठ्या अ‍ॅपमध्ये रतीब एका बोटाने सुरू व्हायचा आणि खाडा टाकायला पाच पानं आत शिरावं लागायचं. लोक खाडा टाकत बसले नाहीत, अ‍ॅपच काढून टाकलं. तुमच्याकडे पहिल्या टप्प्यात दुसरं काही नसलं तरी चालेल, खाड्याचं बटण पहिल्या पानावर पाहिजे. आणि त्यावर खाडा असंच लिहा.

दुसरं वजनाचं. १०८ गुणिले ६ म्हणजे ६४८ किलो, वर ३५-३६ क्रेटचं वजन धरा, सातशेला भिडलं. छोटा हत्ती असेल तर तो साडेसातशेच्या आसपास घेतो. दिवाळीला १३९ टोपल्या घातल्या म्हणजे नुसती भाजीच ८३४ किलो, टेम्पोवाला कुरकुरेल नाहीतर काय! म्हणजे तुमच्याकडे आज दर खेपेला सात-आठ टोपल्यांचीच जागा आहे, आणि तुम्ही पुण्यातल्या कुणालाही म्हणताय. पाडव्याला जाहिरात दिली आणि ५० घरं आली, तर दुसरा टेम्पो लागला. ५० घरांत तो परवडतो का, हे मांडा. नव्या घरांचा टप्पा अ‍ॅपवर ठरत नसतो, टेम्पोवर ठरतो.

तिसरं पाडव्याचं. पाडव्याला सुरू करा, माझी ना नाही. पण त्यानंतर येतो मे. अर्धं कोथरूड गावाला जातं. वाढ मोजायला मे अगदी वाईट, पण खाडे तपासायला त्यासारखा महिना नाही. दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांचे खाडे पडतात, मधेच कुणी लवकर परत येतं, कुणी आजोबा एकटेच घरी असतात म्हणून अर्धी टोपली मागतात. जे अ‍ॅप मे महिन्यात टिकलं ते पुढे टिकतं.

मग ज्येष्ठातली वारी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाट बंद. तुमची भाजी त्याच वाटेने येते. तुम्हाला एका फटक्यात सगळ्यांचा खाडा टाकता आला पाहिजे, आणि तो गिऱ्हाइकाच्या हिशेबात आपोआप वजा झाला पाहिजे. हे केलंय का भाच्याने? नवी घरं श्रावणात घ्या. तेव्हा भाजी जास्त खपते आणि लोक कांदा-लसूण नको म्हणतात, तीही सोय ठेवा.

लेक_परदेशी

मी टोपलीताईंची गिऱ्हाईक आहे बहुतेक, कोथिंबीर उन्हात ठेवल्याची तक्रार माझीच असावी. आई-बाबा कोथरूडला, मी सिंगापूरला. गटावर मी आहे, आई नाही, कारण तिला गट आवडत नाहीत.

अ‍ॅप फक्त भारतापुरतं ठेवलंत तर माझ्या फोनवर ते दिसणारच नाही, माझं अ‍ॅपलचं खातं इथलं आहे. ते दिसलं तरी लॉगिनचा ओटीपी फक्त भारतीय नंबरवर जात असेल तर मी बाहेरच. माझ्यासारखी तुमच्याकडे किती घरं आहेत ते एकदा मोजा. भाजी खाणारे एक, मागवणारे दुसरे, आणि दारात घंटा वाजते तेव्हा फोन तिसऱ्याचाच. एका घराला दोन फोन जोडता आले तर बरं. नाहीतर आईचा खाडा मी टाकायचा आणि ताई आईला विचारणार, "टोपली का नको?" हे या महिन्यात दोनदा झालंय.

ग्राहकपंचायती_काका

थोडक्यात सांगतो. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून आहेत. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर दिसला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवायची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅप-वेबसाइटच्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक सूचना निघाल्या, तेरा प्रकार आहेत, त्यात वर्गणीचा सापळा हाही एक. सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवलंत तर तुम्ही त्यात बसता. म्हशीवाल्यांनी सांगितलेली पाच पानांची गोष्ट नेमकी तीच. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचं एकदा विचारून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं म्हणून अ‍ॅपवर चालेल असं नाही.

टोपलीवाली

पाच आठवड्यांनी परत आले, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ घालवलात आणि मला हिशेब द्यायचाय.

पाडव्याचा मुहूर्त हुकला. बारा माणसांची चाचणी आधी करायला हवी होती, ती पाडव्याच्या आसपास संपली. नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं, मग म्हणाला अक्षय्यतृतीया आहेच. आम्ही कुठलाच मुहूर्त धरला नाही, परवानगी आली त्यानंतरच्या बुधवारी आमची सोसायटी आणि शेजारची, मिळून २२ घरं चालू केली.

भाच्याने पहिल्या पानावर "स्किप" लिहिलं होतं. खाडा लिही म्हटलं तर विचारतो, "खाडा म्हणजे काय?" त्याला स्वयंपाकघरात नेऊन सासूबाईंचं दुधाचं कॅलेंडर दाखवलं. त्याने फोटो काढून मित्राला पाठवला. आता बटणावर खाडा आहे आणि शेजारी छोटी फुली.

२२ पैकी १९ घरांनी अ‍ॅप घेतलं. तिघांचं मी टाकते. त्यात एक आजी आहेत, त्या फोन करून म्हणतात, "माझं यंत्रात टाक गं." ऑटोपे नाही, पैसे जुन्याच पद्धतीने. पैशांची आठवण करावी लागते त्या तीन घरांपैकी दोन याच २२ मध्ये आहेत. त्यातल्या एकांनी महिनाअखेर अ‍ॅपमधली रक्कम बघून स्वतःहून पैसे पाठवले, न सांगता! दुसऱ्यांना परवा तिसरी आठवण केली.

परदेशी लेकीसारखी घरं मोजली. २१२ मध्ये १७ निघाली. मला वाटलं होतं चार-पाच असतील. अ‍ॅप आता बाहेरच्या देशांतही उघडलंय, एका घराला दोन फोन जोडायचं काम चालू आहे. ते झाल्याशिवाय कोथरूड चालू करणार नाही.

पहिल्या वाटपाला आकडा जुळला. दुसऱ्यालाही. तिसऱ्या बुधवारी एक टोपली कमी. क्रेट तीनदा मोजले, जुळेना. ए विंगच्या ३०२ मधल्या काकू खाली येऊन उभ्या, "माझी कुठंय?" त्यांच्या नावावर खाडा दिसत होता आणि त्यांनी तर टाकला नव्हता. वर जाऊन बघितलं तर बी विंगच्या ३०२ ला कुलूप, माणसं दापोलीला. त्यांनी खाडा टाकला होता, तो ए विंगलाही बसला. भाच्याने घर क्रमांक घेतला, विंग वेगळी घेतलीच नव्हती.

मोजणी पुन्हा एकपासून सुरू केलीय. काकूंना आमच्या घरची टोपली दिली, त्यात दोडका होता.